गांजाला आमचा विरोध आहे, म्हणून तुरुंगाला आमची संमती समजू नका



गांजा कायदेशीर करावा का, या प्रश्नावर देशात अधूनमधून चर्चेची लाट येते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीतून काढले आणि भारतानेही काढण्याच्या बाजूने मत दिले, तेव्हा एक लाट आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात शाहरुख खानच्या मुलाला अटक झाली, तेव्हा दुसरी आली. सप्टेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेश विधानसभेने औषधी आणि औद्योगिक लागवडीचा अहवाल स्वीकारला, तेव्हा तिसरी. दर वेळी चॅनेलवर त्याच दोन खुर्च्या मांडल्या जातात. एकीवर पुण्या-मुंबईचा मोकळ्या विचारांचा तरुण, दुसरीवर संस्कृतीरक्षक. खाली पट्टी फिरते : 'जनमत काय म्हणते?'

या कायद्याखाली जो खरोखर पकडला जातो, त्याला दोन्हींपैकी एकही खुर्ची मिळत नाही. शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यातला पावरा, भिल्ल शेतकरी तिथे नसतो. भुसावळच्या फलाटावर हमाली करणारा नसतो. जळगाव-धुळ्याच्या वस्तीतला, दहावी नापास होऊन कामाच्या शोधात फिरणारा आमचा पोरगा नसतो. आणि त्याची आई तर नसतेच.

म्हणून हा लेख. गांजाची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. आमच्या समाजाचे मत काय आहे आणि त्या मताचा वापर कशासाठी केला जातो, एवढेच मला मांडायचे आहे.

दोन प्रश्न, एक रकाना

वस्तीतल्या कोणत्याही बाईला विचारा, गांजा कायदेशीर करायचा का? ती 'नाही' म्हणेल, आणि विचार न करता म्हणेल. कारण तिने पाहिले आहे. शाळा सुटलेला मुलगा दुपारी कुठे बसतो हे तिला माहीत आहे. घरातले भांडे कधी विकले गेले, मोबाइल कुठे गहाण पडला, हेही माहीत आहे. तिचे 'नाही' अनुभवातून आलेले आहे आणि त्याची टिंगल करण्याचा अधिकार कोणत्याही पुरोगाम्याला नाही.

पण तिथेच न थांबता तिला दुसरा प्रश्न विचारा. तुमच्या मुलाच्या खिशात पुडी सापडली तर त्याला वर्षभर जेलमध्ये टाकायचे का? उत्तर बदलते. आमच्या बैठकीत एका आजीने अहिराणीत सांगितले होते, "पोऱ्याले सुधारा ताई, पन जेलमा नका टाकू." समाजशास्त्राच्या वर्गात प्रश्नावली कशी बनवावी हे आम्हाला दोन सत्रे शिकवले. एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबू नका, हा पहिला धडा. 'कायदेशीर करावे का' या प्रश्नात नेमके तेच होते. गांजा वाईट आहे का आणि गांजा ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवावे का, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात भरल्या जातात. पहिल्याचे 'नाही' उचलून दुसऱ्याला 'हो' म्हणून चिकटवले जाते. आमच्या आयांच्या नकाराचे असे परस्पर अटक वॉरंट बनते.

आडवी बाटली काय सांगते

नशेबद्दल जनतेचे मत खरोखर मोजायची एक पद्धत महाराष्ट्रात आहे आणि ती आपल्या बायांनी लढून मिळवली आहे. गावातल्या पुरेशा महिला मतदारांनी मागणी केली तर दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान घ्यावे लागते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. २००८ च्या शासन आदेशाने याचे नियम ठरवून दिले. किती गावांत बायांनी हे मतदान जिंकले, किती ठिकाणी दुकानदाराने पैसे वाटून हरवले, हे चळवळीतल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

आता बघा, त्या बाईने मत कशाला दिले? दुकान बंद करायला. विकणाऱ्याचा परवाना काढून घ्यायला. 'माझ्या नवऱ्याला तुरुंगात टाका' असा रकाना त्या चिठ्ठीवर नसतो आणि तो असावा अशी मागणी कोणत्याही महिला मंडळाने केल्याचे मी ऐकलेले नाही. दारूच्या बाबतीत तिला जो फरक कळतो, तो गांजाच्या बाबतीतही कळतो. तिला कोणी विचारत नाही एवढेच.

एकाच झाडाचे दोन न्याय

एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. त्यातली गांजाची व्याख्या वाचा. झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पाने गांजा नाहीत. म्हणजे पानांची भांग या कायद्यातून सुटली. उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेशात तर भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. महाशिवरात्रीला, होळीला ती दुधात घोटली जाते आणि त्याला प्रसाद म्हणतात.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आले. त्यानुसार वर्षभरात सुमारे २.२ कोटी लोकांनी भांग घेतली आणि सुमारे १.३ कोटी लोकांनी गांजा किंवा चरस. एकाच झाडाची नशा. जास्त लोक जी करतात ती परंपरा, कमी लोक जी करतात तो गुन्हा. दारू पिणारे याच सर्वेक्षणात १६ कोटी आहेत आणि त्यांच्यासाठी सरकार परवाने विकते.

शेजारच्या नाशिकला जाऊन या. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला साधूंच्या आखाड्यात चिलीम उघड पेटते. पोलीस बंदोबस्ताला असतात, फोटोग्राफर फोटो काढतात, आणि ते फोटो पर्यटनाच्या कौतुकात छापून येतात. तीच चिलीम धुळ्याच्या बसस्थानकामागे पेटली की पंचनामा होतो. पदार्थ तोच, ओढणारा वेगळा. नशेची पवित्रता ओढणाऱ्याच्या अंगावरच्या वस्त्रावरून ठरत असेल, तर त्याला कायद्याचे राज्य म्हणायचे की मनूचे?

सातपुड्यातले वजन

आता आपल्या खान्देशाकडे या. शिरपूर तालुक्याच्या सातपुड्याच्या पट्ट्यात आणि चोपड्याकडच्या डोंगराळ भागात गांजाच्या शेतीवर छापे पडतात. बातमी ठरलेली असते : कापसात, मक्यात, तुरीत आंतरपीक, इतकी झाडे, इतके किलो, इतक्या लाखांचा मुद्देमाल. फोटोत हिरवा ढीग, मागे अधिकारी, आणि पुढे उकिडवा बसलेला एक आदिवासी.

बातमीत काय येत नाही ते मी सांगते. जमीन बहुधा वनजमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा मंजूर नाही, सातबारा नाही, म्हणून पीककर्ज नाही. पावसावरच्या मक्याला भाव नाही. अशा वेळी बी आणि उचल घेऊन कोणी तरी येतो. तो कोण, हे पाड्यावर सगळ्यांना माहीत असते, पण पंचनाम्यात त्याचे नाव नसते. शेत ज्याचे, आरोपी तो.

आणि मग वजन. गांजाचे झाड लावणे हाच दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. एक किलोपर्यंतचा माल 'अल्प', वीस किलोच्या वर 'व्यावसायिक'. व्यावसायिक ठरला की किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे, आणि कलम ३७ मुळे जामिनाचे दार जवळपास बंद. ओली झाडे मुळासकट उपटून, खोडासकट, मातीसकट काट्यावर ठेवली तर वीस किलो व्हायला वेळ लागतो का? कायद्याच्या व्याख्येत खोड नाही, मूळ नाही. शेंडे सोबत नसतील तर पाने मोजायची नाहीत, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या प्रकरणांत मान्य केला आहे. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे लागतात. पाड्यावरच्या माणसाचे आयुष्य मातीच्या वजनावर तोलले जाते आणि त्याला ते कळतसुद्धा नाही.

सातपुड्याचा इतिहासही लक्षात घ्या. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या आयोगाने हिंदुस्थानभर चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की बंदी नको, परवाना आणि कर हवा. आपल्या रावेर-बऱ्हाणपूरच्या पलीकडचा खंडवा त्या काळात सरकारी परवान्याच्या गांजासाठी ओळखला जाई. तिजोरी भरत होती तोवर डोंगराच्या एका बाजूचे झाड महसूल होते. आज दुसऱ्या बाजूचे झाड दहा वर्षांची सक्तमजुरी आहे.

पकडले कोण जाते

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ ची दहा हजारांहून अधिक प्रकरणे तपासली. जवळपास सगळी स्वतः सेवन केल्याची होती. त्यांतली सुमारे ८७ टक्के गांजाची. पकडलेले बहुतेक रोजंदारीवाले, झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारे. आणि त्यांनी गुन्हा कबूल करून टाकला होता.

ते कबूल का करतात? कारण कबूल केले की दंड भरून घरी जाता येते. नाकारले तर तारखा, बुडालेली मजुरी, वकील. पण कबुलीची खरी किंमत नंतर कळते. आमच्या वस्तीतला एक मुलगा दोन वर्षे पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावत होता. धुळ्याला राज्य राखीव दलाचा गट आहे, तिथले मैदान त्याचे स्वप्न होते. चारित्र्य पडताळणीत एक जुने सेवनाचे प्रकरण निघाले. दंड भरून 'मिटले' असे त्याला वाटले होते. वस्तीतल्या मुलाला पोलीस भरती, होमगार्ड, सिक्युरिटी एवढीच तर दारे उघडी असतात, आणि त्या प्रत्येक दारावर पडताळणीचा दाखला मागतात. इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलमध्ये ओढणाऱ्याच्या खोलीत कोणी पंच घेऊन शिरत नाही. त्याचा दाखला कोराच राहतो.

शाहरुख खानच्या मुलालाही सव्वीस दिवस कोठडीत काढावे लागले, देशातले सर्वांत महागडे वकील असताना. पुढे मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याचे नाव आरोपपत्रातून वगळले गेले. देशभर चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. पण ज्याच्यासाठी कोणताही वकील उभा राहत नाही, त्याचे सव्वीस दिवस किती महिन्यांचे होतात? २०१९ च्या तुरुंग आकडेवारीत कच्च्या कैद्यांपैकी सुमारे २१ टक्के अनुसूचित जातींचे होते. लोकसंख्येत आमचा वाटा १६.६ टक्के. आदिवासींचेही तेच, वाट्यापेक्षा जास्त. आरक्षण पूर्ण भरणारी, किंबहुना ओलांडणारी ही एकच सरकारी संस्था आहे.

शील आणि दंड

आता आपल्याच माणसांशी बोलते. आपले ज्येष्ठ म्हणतील, आपण बौद्ध आहोत, पाचवे शील घेतो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग हा विषय आपल्या तोंडी शोभतो का?

शोभतो, कारण शील आणि दंड या वेगळ्या गोष्टी आहेत. शील मी स्वतः घेते. विहारात रांगेत उभी राहून, स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या मनाला शिस्त लावण्यासाठी घेते. ते माझ्यावर कोणी लादत नाही. दंड राज्य देते, आणि या देशात तो कुणाच्या पाठीवर पडतो हे वर सांगितले. माणसाचे मन बदलावे, बळजबरीने वळवू नये, हा तथागतांचा मार्ग. बाबासाहेबांनी तोच स्वीकारला.

आणि बाबासाहेबांची राजकीय भूमिकाही वाचा. राज्यघटनेच्या मसुद्यात नशाबंदीचा उल्लेख नव्हता, तो चर्चेत दुरुस्तीने आला. नोव्हेंबर १९४८ मध्ये जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या वतीने त्याला विरोध केला. दुरुस्ती स्वीकारताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले की हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते कधी आणि कसे अमलात आणायचे ते राज्याने ठरवायचे. पुढे पहिल्या निवडणुकीसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा आला, त्यात दारूबंदीचे धोरण रद्द करण्याची मागणी होती. बुडणारा महसूल, घरोघर सुरू झालेल्या भट्ट्या, हा हिशेब त्यांनी मांडला. स्वतः कधी दारूला न शिवलेला माणूस बंदीच्या कायद्याला विरोध करतो आणि अनुयायांकडून निर्व्यसनी राहण्याची प्रतिज्ञाही घेतो. यात विसंगती कुठे आहे? दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण हजारोंनी जमतो. तिथे व्यसनमुक्तीची भाषणे होतात, ती व्हायलाच हवीत. त्यात हे दुसरे अर्धेही सांगितले गेले पाहिजे.

'लीगल करा' म्हणणाऱ्यांना

पहिल्या खुर्चीवरच्या मित्रांना वाटले असेल, ही बाई आपल्या बाजूची. नाही. तुमचा युक्तिवाद 'शंकराचा प्रसाद', 'आपली प्राचीन संस्कृती' इथून सुरू होतो आणि 'किती मोठी बाजारपेठ' इथे संपतो. त्यात आम्ही कुठे आहोत?

महाराष्ट्राने वाइनचे काय केले ते आठवा. द्राक्षाची दारू 'शेतीपूरक उद्योग' झाली, तिला वाइन पार्क मिळाले, करात सवलत मिळाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती सुपरमार्केटमध्ये ठेवण्याचा निर्णय झाला. मोहाची दारू काढणाऱ्या आदिवासी बाईची मडकी मात्र पोलीस फोडत राहिले. उद्या गांजा खुला झाला तर तेच होईल. परवान्याचे शुल्क लाखांत, प्रयोगशाळेची अट, कुंपणाची अट. लागवड कंपनी करेल, आणि आज ज्याने तेच झाड लावले तो तुरुंगातच असेल.

अमेरिकेत हे घडले. तिथे १९६९ मध्ये १२ टक्के लोक गांजा कायदेशीर करण्याच्या बाजूने होते, २०२३ मध्ये ७० टक्के. पण नागरी हक्क संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार गांजासाठी कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा ३.६ पट होती, सेवनाचे प्रमाण सारखे असताना. तिथल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी भांडून आपली बाजू मांडली, म्हणून न्यूयॉर्कच्या २०२१ च्या कायद्यात जुन्या शिक्षा पुसण्याची आणि कराचा ४० टक्के हिस्सा भरडल्या गेलेल्या वस्त्यांना देण्याची तरतूद आली. आणि फक्त बाजाराच्या घाईने दार उघडले की काय होते ते थायलंडने दाखवले : २०२२ मध्ये खुले, २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट.

गांजाने नुकसान होत नाही, हेही आम्हाला सांगू नका. कोवळ्या वयात लागलेली सवय डोक्यावर काय परिणाम करते, हे मनोरुग्ण तपासणीच्या रांगेत उभे राहून मी पाहिले आहे. त्याच २०१९ च्या सर्वेक्षणाने सांगितले की सुमारे ७२ लाख लोकांना गांजा-भांगेच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. त्यांना डॉक्टर हवा. आपण त्यांना हवालदार देतो.

आमची मागणी

ऑक्टोबर २०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने, म्हणजे आमच्या शिष्यवृत्त्या आणि अॅट्रॉसिटीचा कायदा ज्याच्याकडे आहे त्याच मंत्रालयाने, स्वतःच्या सेवनापुरता थोडा पदार्थ बाळगणे गुन्हा ठरवू नये अशी शिफारस केली होती. ती शिफारस अमलात आणा.

एक : सेवन आणि अल्प प्रमाण यांसाठी तुरुंग आणि गुन्ह्याची नोंद बंद करा. जुन्या नोंदी पुसा, त्यावरून कोणाचीही नोकरी अडवू नका.

दोन : जप्त झाडांचे वजन करताना शेंडे वेगळे करून मोजणे सक्तीचे करा. अल्पभूधारक आणि वनहक्कधारक लागवडदाराची आणि पैसे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची शिक्षा एकाच कलमात घालू नका.

तीन : उपचाराला स्वतःहून तयार असणाऱ्याला खटल्यातून मुक्त करणारे कलम ६४अ आजही कायद्यात आहे. त्याची माहिती प्रत्येक ठाण्यात मराठीत लावा, आणि तालुक्याला एक मोफत व्यसनमुक्ती केंद्र द्या. केंद्रच नसेल तर कलम कागदावरच राहणार.

चार : पुढे कधी परवान्याचा विचार झालाच, तर पहिले परवाने सातपुड्यातल्या पाड्यांना, आणि वस्तीत दुकान नको म्हणण्याचा आडव्या बाटलीचा अधिकार तिथल्या बायांना.

तोवर जनमताचा कौल घ्यायचा असेल तर जरूर घ्या. शिरपूरच्या पाड्यावर या, जळगावच्या वस्तीत या. पण दोन्ही प्रश्न वेगळे विचारा, आणि दोन्ही उत्तरे लिहून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!